भिशी, एसआयपी आणि इंडेक्स फंड : पाचशे रुपयांचा तीस वर्षांचा हिशेब

आपल्या शहापूर तालुक्यात एक म्हण लहानपणापासून कानावर पडते : 'धरण उशाला, कोरड घशाला.' तानसा धरण १८९२ साली बांधून झालं. नंतर वैतरणा आली, भातसा आलं. मुंबईची तहान या पाण्यावर भागते आणि एप्रिल-मे महिन्यात आपल्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहत बसतात. शेजारच्या मुरबाडचीही अवस्था फारशी वेगळी नाही.

पैशाच्या बाबतीतही हेच होतं, असं मला वाटतं. मुरबाडला एमआयडीसी आहे, आसनगाव-वासिंद पट्ट्यात कारखाने आणि गोदामं आहेत, समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि तो शहापूरमधूनच जातो. देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांचा माल आपल्या दारावरून जातो. पण त्या कंपन्या जो नफा कमावतात त्यात आपला वाटा किती? पगार मिळाला तर पगार, जमीन गेली तर मोबदला. मालक म्हणून वाटा शून्य. इंडेक्स फंड म्हणजे या मोठ्या पाइपलाइनला जोडलेला आपला एक छोटासा नळ. धार बारीक असते, पण हक्काची असते.

शाळेत मी सगळं इंग्रजीत शिकले, पण पैशाच्या गोष्टी आपण घरी मराठीतच बोलतो. म्हणून हा विषय मुद्दाम मराठी विभागासाठी निवडला. होस्टेलवरची मुलंमुली, मेसच्या मावशी, वॉचमन काका आणि आमचे सर-मॅडम या सगळ्यांना उपयोगी पडावा अशा बेताने लिहिते आहे.

भिशी काय शिकवते?

एसआयपी समजायची असेल तर आधी भिशी समजून घेऊ, कारण ती सगळ्यांना माहीत आहे. समजा २० जणांची भिशी आहे आणि महिन्याला प्रत्येकी ५०० रुपये. दर महिन्याला १०,००० जमतात आणि चिठ्ठी निघेल त्याला मिळतात. पहिल्याच महिन्यात ज्याची चिठ्ठी निघाली त्याला बिनव्याजी कर्ज मिळालं. विसाव्या महिन्यात ज्याची निघाली त्याने वीस महिने स्वतःचेच पैसे साठवले आणि तेवढेच परत घेतले. वीस जणांचा एकत्र हिशेब केला तर एकूण व्याज शून्य! पैसे वाढत नाहीत, फक्त फिरतात.

मग भिशी वाईट का? मुळीच नाही. भिशीचं खरं भांडवल म्हणजे शिस्त. चार माणसांत नाव खराब होईल या धाकाने हप्ता चुकत नाही. आणि शेताच्या लावणीला, आजारपणाला, कॉलेजच्या फीला एकरकमी पैसा मिळतो. एसआयपी म्हणजे हीच शिस्त, फक्त पैसा फिरवण्याऐवजी वाढायला लावलेला. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बँक खात्यातून ठरलेली रक्कम जाते आणि तेवढ्या रकमेची फंडाची युनिट्स आपल्या नावावर जमा होतात.

निर्देशांक म्हणजे काय?

बातम्यांत रोज सांगतात, सेन्सेक्स इतका वाढला, निफ्टी इतका पडला. हे दोन्ही निर्देशांक आहेत. सेन्सेक्समध्ये मुंबई शेअर बाजारातल्या ३० मोठ्या कंपन्या असतात. तो १ जानेवारी १९८६ पासून प्रसिद्ध होऊ लागला आणि त्यासाठी १९७८-७९ सालचा आकडा १०० धरला. निफ्टीमध्ये राष्ट्रीय शेअर बाजारातल्या ५० कंपन्या असतात. तो १९९६ साली सुरू झाला. जी कंपनी मोठी तिचं वजन जास्त. एचडीएफसी बँक, रिलायन्स, इन्फोसिस, लार्सन अँड टुब्रो ही त्यातली ओळखीची नावं.

इंडेक्स फंड काय करतो? निर्देशांकात ज्या कंपन्या ज्या प्रमाणात आहेत, त्याच प्रमाणात त्यांचे शेअर विकत घेऊन ठेवतो. बस्स. कुठला शेअर चढेल याचा अंदाज बांधायचा नाही. त्यामुळे महागडे तज्ज्ञ लागत नाहीत आणि खर्च कमी येतो.

यादी कायमची नसते हेही महत्त्वाचं. निफ्टीची यादी वर्षातून दोनदा तपासतात आणि गरज पडली तर मध्येही बदलतात. ७ जानेवारी २००९ ला सत्यम कॉम्प्युटर्सचा घोटाळा उघड झाला आणि त्याच महिन्यात ती कंपनी दोन्ही निर्देशांकांतून बाहेर गेली. मार्च २०२० मध्ये येस बँक निफ्टीतून गेली. ज्याने सगळे पैसे सत्यममध्ये घातले होते तो बुडाला; इंडेक्स फंडवाल्याला फक्त एक ओरखडा उठला. भाताच्या राबातून कुजकी रोपं काढून टाकावीत तसं हे आहे, आणि ते काम आपल्याला करावं लागत नाही.

सरासरीच का घ्यायची?

इंजिनियरिंगच्या मुलांना हा प्रश्न पडतोच. सरासरी मार्कांवर कोण खूश असतं? हुशार फंड मॅनेजर शोधून त्याच्याकडे पैसे का देऊ नयेत?

याचं उत्तर अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ साली अगदी साध्या गणिताने दिलं. वर्गातली सगळीच मुलं वर्गाच्या सरासरीपेक्षा जास्त मार्क मिळवू शकत नाहीत. तसंच बाजारातले सगळे गुंतवणूकदार मिळूनच बाजार होतो, म्हणून सगळ्यांची मिळून कमाई बाजाराइतकीच असते. एकाने जास्त मिळवलं तर दुसऱ्याने कमी मिळवलेलं असतं. आता शेअर निवडणारे फंड त्यासाठी फी घेतात. फी वजा केली की त्यांची सरासरी बाजाराच्या खाली जाते. इंडेक्स फंड फी फारच कमी घेतो, म्हणून तो 'सरासरी' राहूनही निम्म्याहून अधिक मुलांच्या पुढे निघतो. एस अँड पी ही संस्था भारतातल्या फंडांची अशी तुलना नियमित प्रसिद्ध करते. त्यात मोठ्या कंपन्यांत गुंतवणूक करणाऱ्या फंडांपैकी निम्म्याहून अधिक फंड लांबच्या मुदतीत निर्देशांकाच्या मागे राहिल्याचं पुन्हा पुन्हा दिसलं आहे. जे पुढे राहतात ते कोण, हे आधी ओळखता आलं असतं तर प्रश्नच नव्हता.

अमेरिकेत जॉन बोगल यांनी १९७६ साली सामान्य माणसासाठी असा पहिला फंड काढला. १५ कोटी डॉलर जमवायचे ठरवले होते, जमले जेमतेम १ कोटी १३ लाख. लोकांनी त्याला 'बोगलचा वेडेपणा' म्हणून हिणवलं. आज त्यांची व्हॅनगार्ड कंपनी जगातल्या सर्वांत मोठ्या गुंतवणूक संस्थांपैकी एक आहे. आपल्याकडे १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंडेक्स फंड आले. आणि सर-मॅडम, तुमचा प्रॉव्हिडंट फंड कापला जात असेल तर तुम्हीही यात आहातच : ईपीएफओ ऑगस्ट २०१५ पासून नव्या जमेचा काही भाग सेन्सेक्स आणि निफ्टीच्या ईटीएफमध्ये घालू लागली.

खर्चाचा हिशेब

आता लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. फंड आपल्याकडून जो खर्च घेतो त्याला एक्स्पेन्स रेशो म्हणतात. त्याचं बिल कधीच येत नाही. वर्षाचा खर्च रोज थोडा थोडा करून फंडाच्या मालमत्तेतून वजा होतो आणि मग युनिटची किंमत म्हणजे एनएव्ही जाहीर होते. त्यामुळे तो दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते दुखत नाही.

आपण कॅल्क्युलेटर घेऊन बसू. दर महिन्याला ह रुपये, महिन्याचा वाढीचा दर र आणि न महिने असतील तर,

एकूण रक्कम = ह × [(१ + र)^न − १] ÷ र

भूमितीय श्रेढीची बेरीज. बारावीत सगळ्यांनी केलेली आहे. ह = ५०० आणि न = ३६०, म्हणजे तीस वर्षं. आपण स्वतः भरतो ते १ लाख ८० हजार. समजा बाजार वर्षाला १० टक्के देतो.

स्वस्त फंडाचा खर्च ०.४ टक्के धरला तर हातात ९.६ टक्के, म्हणजे महिन्याला ०.८ टक्के. सूत्रात घातलं की येतात सुमारे १० लाख ३८ हजार.

महागड्या फंडाचा खर्च १.६ टक्के धरला तर हातात ८.४ टक्के, म्हणजे महिन्याला ०.७ टक्के. येतात सुमारे ८ लाख ९ हजार.

फरक जवळपास २ लाख ३० हजार! आपण तीस वर्षांत खिशातून घातले त्यापेक्षाही हा फरक मोठा आहे. कागदावर मात्र तो 'फक्त १.२ टक्के' असाच छापलेला असतो. तुलनेसाठी, रिकरिंग डिपॉझिटवर ६ टक्के धरले तर ५ लाख २ हजारांच्या आसपास होतात.

दहा लाख ऐकून लगेच हुरळून जायचं कारण नाही. महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर तीस वर्षांनंतरच्या १० लाख ३८ हजारांची किंमत आजच्या भावाने साधारण २ लाख ४० हजार होते. पण आपले हप्तेही हळूहळू स्वस्त होत जातात. सगळे हप्ते आजच्या भावात मोजले तर सुमारे ९४ हजार भरतात. म्हणजे खरी वाढ अडीच पट. चांगली आहे, पण जादू नाही. म्हणूनच नोकरी लागल्यावर पाचशेचे हजार आणि हजाराचे दोन हजार करत जाणं गरजेचं आहे.

बाजार पडला तर?

पडणारच. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सने २१,००० गाठले आणि ऑक्टोबरात तो ८,५०० च्याही खाली जाऊन आला. पुन्हा २१,००० दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडलं. २३ मार्च २०२० ला कोरोनाच्या भीतीने तो एका दिवसात ३,९३५ अंकांनी कोसळून २५,९८१ वर बंद झाला. जानेवारी २०२१ मध्ये त्याने ५०,००० ओलांडले.

याहून वाईट काळही आला आहे. हर्षद मेहताच्या तेजीत एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४०० च्या वर गेला होता. अकरा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, तो ३,००० च्या आसपास होता. ज्याने सगळा पैसा त्या शिखरावर घातला त्याची अकरा वर्षं गेली. तरी तो थांबला असता तर? जुलै २०२४ मध्ये सेन्सेक्स ८०,००० ला पोचला. शिखरापासून मोजलं तरी लाभांश सोडून वर्षाला नऊ टक्क्यांहून थोडी अधिक वाढ होते. वरच्या हिशेबातले १० टक्के मी यावरूनच धरले.

पण इतिहास म्हणजे गॅरंटी नव्हे. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ च्या उच्चांकावर परत यायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. चौतीस वर्षं! म्हणून सगळी पुंजी एकाच दिवशी आणि एकाच टोपलीत घालायची नसते.

दरमहा थोडं थोडं घेण्याचा फायदा इथे दिसतो. समजा पाच महिने ५०० रुपये घातले आणि युनिटचा भाव अनुक्रमे ५०, ४०, २५, ४०, ५० होता. युनिट्स मिळाली १०, १२.५, २०, १२.५, १० म्हणजे एकूण ६५. भावाची सरासरी ४१ रुपये, पण आपल्याला युनिट पडलं २,५०० ÷ ६५ म्हणजे ३८ रुपये ४६ पैशांना. शहापूरच्या बाजारात दर आठवड्याला वीस रुपयांची कोथिंबीर घेणाऱ्या बाईला हे गणित शिकवावं लागत नाही. स्वस्त असते तेव्हा जुडी आपोआप मोठी मिळते. मात्र यासाठी एकच अट : भाव पडला म्हणून बाजाराला जाणं बंद करायचं नाही.

फंड निवडताना

१) निर्देशांक रुंद असावा. सुरुवातीला निफ्टी ५० किंवा सेन्सेक्स पुरे. यातही सुमारे एक तृतीयांश वजन बँका आणि वित्तीय कंपन्यांचं असतं. आणखी पसरट हवं तर निफ्टी ५०० आहे. 'इंडेक्स' नाव लावून एकाच उद्योगाचे फंडही विकले जातात, ते टाळावेत.

२) खर्च कमी असावा. सेबीने २०१८ साली इंडेक्स फंडांच्या खर्चावर १ टक्क्याची मर्यादा घातली होती, पण निफ्टी-सेन्सेक्सच्या अनेक फंडांचा खर्च त्याच्या कितीतरी खाली असतो. एकाच निर्देशांकाचे दोन फंड म्हणजे एकाच कंपनीचं सिमेंट दोन दुकानांत. स्वस्त असेल ते घ्या.

३) 'डायरेक्ट' की 'रेग्युलर' ते पाहा. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडात डायरेक्ट प्लॅन मिळतो. रेग्युलरमध्ये एजंटचं कमिशन दरवर्षी आपल्याच पैशातून जातं. जो एजंट कागदपत्रं करून देतो आणि बाजार पडल्यावर 'घाबरू नका' म्हणून सांगायला घरी येतो, त्याची मजुरी त्याला जरूर मिळावी. पण आपण ती देतोय हे माहीत असावं.

४) फंड निर्देशांकाला किती चिकटून चालतो ते पाहा. यासाठी दोन आकडे असतात. ट्रॅकिंग डिफरन्स म्हणजे फंड सरासरी किती मागे राहिला. ट्रॅकिंग एरर म्हणजे तो फरक किती हलतो. लॅबमधला काटा कायम पन्नास ग्रॅम कमी दाखवतो हा एक दोष, आणि दर वेळी वेगळं वजन दाखवतो हा दुसरा. दोन्ही आकडे जितके लहान तितकं चांगलं. तुलना मात्र लाभांश धरलेल्या, म्हणजे टोटल रिटर्न निर्देशांकाशीच करावी.

५) 'ग्रोथ' पर्याय घ्या, म्हणजे पैसे फंडातच राहून वाढतील. ईटीएफही स्वस्त असतात, पण त्यांना डीमॅट खातं लागतं आणि खरेदी-विक्रीच्या भावात फरक पडतो. पाचशेच्या हप्त्याला साधा इंडेक्स फंड सोयीचा.

६) छोटा हप्ता आणि स्वस्त फंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये एसबीआय म्युच्युअल फंडाने २५० रुपयांची जननिवेश एसआयपी सुरू केली. लहान माणसासाठी ही चांगली सोय, पण ती इंडेक्स फंडाची नव्हती. हप्ता पाहून नव्हे, खर्च पाहून ठरवा.

कागदपत्रांना पॅन, आधार आणि बँक खातं एवढंच लागतं. मुरबाड तालुक्यातलं धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ ला राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. तेव्हा दुकानात कार्ड चालतं याचं नवल वाटत होतं, आज चहाच्या टपरीवरही क्यूआर कोड असतो. तेव्हा एसआयपी अवघड नाही. फक्त दोन काळज्या घ्या. घरून पैसे आल्यानंतरची तारीख निवडा, कारण खात्यात शिल्लक नसेल तर हप्ता परत जातो आणि पाचशेच्या हप्त्यावर बँकेचा काहीशे रुपयांचा दंड बसू शकतो. आणि नॉमिनीचं नाव भरल्याशिवाय फॉर्म पुरा करू नका.

कराचंही थोडक्यात : २०२४ च्या अर्थसंकल्पाने ठरवल्यानुसार अशा फंडाची युनिट्स वर्षभराहून जास्त ठेवून विकली तर आर्थिक वर्षातल्या १ लाख २५ हजारांपर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढच्या नफ्यावर १२.५ टक्के.

कोणी यात पडू नये?

हा भाग जास्त गांभीर्याने वाचा. ज्याच्यावर सावकाराचं किंवा क्रेडिट कार्डचं कर्ज आहे त्याने आधी ते फेडावं. २४ टक्के व्याज देऊन १० टक्के मिळवण्यात अर्थ नाही. चार-सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत बाजूला हवा. पाच वर्षांत लागणारा पैसा, म्हणजे बहिणीचं लग्न, फायनल इयरची फी, घराचं छप्पर, बाजारात घालू नये. शेवटच्या वर्षी बाजार ३० टक्के पडला तर १० लाख ३८ हजारांचे सव्वासात लाख होतात. म्हणून मुदत संपायच्या चार-पाच वर्षं आधीपासून थोडा थोडा पैसा काढून फिक्स्ड डिपॉझिटमध्ये टाकत जावा. मावशींनी भिशी बंद करू नये. भिशी अडीनडीसाठी, इंडेक्स फंड म्हातारपणासाठी.

घरी हे सांगायला गेलात तर वडील किंवा आजोबा 'युनिट ६४' ची आठवण काढतील, आणि त्यांचं बरोबरच आहे. जुलै २००१ मध्ये यूटीआयने त्या योजनेची खरेदी-विक्री थांबवली आणि निवृत्त लोक हवालदिल झाले. पण कारण समजावून सांगा. त्या योजनेचा भाव आतल्या मालमत्तेच्या खऱ्या किमतीवर नव्हे, तर वरून ठरत होता. आज प्रत्येक कामकाजाच्या दिवशी एनएव्ही जाहीर होते. भाव कमी झाला तर कमी दिसतो, पण लपत नाही.

खरी भीती वेगळीच आहे. रस्त्यासाठी, धरणासाठी जमीन गेली की घरात मोबदला येतो आणि पाठोपाठ दामदुप्पटवाला येतो. त्याच्यासाठी एक सोपी चाचणी लक्षात ठेवा : ७२ ला वर्षांनी भागा. तीन वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला अंदाजे २४ टक्के. देशातल्या सर्वांत मोठ्या कंपन्या मिळून जे देऊ शकत नाहीत ते हा माणूस खात्रीने कुठून देणार? पॅनकार्ड क्लब्ज प्रकरणात सेबीने २०१६ साली सात हजार कोटींहून अधिक रुपये परत करण्याचा आदेश दिला होता, आणि त्यात अडकलेले गुंतवणूकदार ५० लाखांहून जास्त होते. ही सगळी आपल्यासारखीच माणसं. जमीन एकदाच विकली जाते. तिचा पैसा गेला तर पुन्हा विकायला काही उरत नाही.

तेव्हा मित्रांनो, या महिन्यात एवढंच करा. वरचं सूत्र वहीत लिहा, स्वतःचा हप्ता घालून उत्तर काढा आणि ते गणित सुट्टीत घरी जाऊन दाखवा. आपल्यापैकी अनेकांच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेले आपणच पहिले. दामदुप्पटवाला ओट्यावर येऊन बसेल तेव्हा ७२ ला तीनने भागणारं घरात कोणीतरी असलं पाहिजे. पाचशे रुपये नंतर सुरू झाले तरी चालतील, पण हे काम आजच करण्यासारखं आहे.